करवतीखाली गेलेला हँडलबार

काल मी माझ्या सायकलचा कार्बन हँडलबार करवतीनं उभा-आडवा कापला. (तोंडाला मास्क होता, पातं ओलं ठेवलं होतं. कार्बनची धूळ फुप्फुसात गेलेली चांगली नाही, तेव्हा उत्साहाच्या भरात कुणी तसंच कापायला बसू नका.)

हा बार दोन वर्षांपूर्वी परदेशातून ऑनलाइन मागवला होता. मॅट काळा, हातात घेतला तर पिसासारखा, आणि नावाजलेल्या ब्रँडच्या मानानं किंमत अगदीच किरकोळ. नाव नाही, बॅच नंबर नाही, कोणता बोल्ट किती आवळायचा याचा कागद नाही. तेव्हा यातलं काहीच खटकलं नाही, कारण वजनकाट्यावर २०५ ग्रॅम दिसले आणि डोकं चालायचं थांबलं.

गेल्या महिन्यात चढावर उभं राहून पेडल मारताना 'कट' असा आवाज यायला लागला. सायकलवाल्याला आवाज आला की तो आधी बॉटम ब्रॅकेटला (पेडलचे दांडे ज्यावर फिरतात ते बेअरिंग) शिव्या घालतो, तशा मीही घातल्या. पेडल काढून ग्रीस लावलं, हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) उघडला. आवाज आपला तिथंच. शेवटी बार टेप सोडली, हँडलबार पकडून ठेवणारा स्टेम ढिला केला, तर त्याच्या क्लॅम्पच्या कडेला केसाएवढी रेघ. वाटलं पॉलिशवरचा ओरखडा असेल. नख फिरवलं तर नख अडकलं. मग नाण्यानं ठोकून पाहिलं. इकडेतिकडे खणखणीत आवाज, रेघेपाशी मात्र ठप्प, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. याच बारवर अंग टाकून मी उतार उतरत होतो.

कापल्यावर आतलं दर्शन झालं. एका बाजूला भिंत १.३ मिलिमीटर, समोरच्या बाजूला २.६. आतल्या थराला चादरीला पडावी तशी चुणी, आणि चुणीच्या पोटात नुसतं रेझिन. कार्बनचा धागा सरळ ताणला की त्याची ताकद. तो वळला की भार रेझिनवर येतो, आणि रेझिन म्हणजे शेवटी गोंदच. मोल्डमध्ये फुगवायच्या फुग्याचा एक तुकडाही आत चिकटलेला होता. तो एक वेळ माफ, चुणी नाही.

आता कुणीतरी म्हणणारच, "चायनाचा माल, दुसरं काय होणार!" हे मला पटत नाही. ज्या ब्रँडच्या नावानं आपण उसासे टाकतो त्यांच्याही बऱ्याचशा कार्बन फ्रेम चीन आणि तैवानमध्येच बनतात. लाइट बायसिकल, विनस्पेस यांसारख्या तिथल्याच कंपन्या स्वतःच्या नावानं थेट विकतात, वॉरंटी देतात. माझं भांडण बेवारस मालाशी आहे. बार तडकल्यावर मी विक्रेत्याला शोधायला गेलो, तर ते पानच गायब.

जाहिरातीत 'टी१०००' असं ठळक लिहिलं होतं, म्हणजे कार्बन धाग्याची प्रत. तोरे या जपानी कंपनीच्या टी७०० धाग्याची ताणशक्ती साधारण ४९०० मेगापास्कल, टी१००० ची ६३७०. आकडा मोठा म्हणजे बार दणकट, असं मीही धरून चाललो होतो. पण इथं सोन्यापेक्षा घडणावळ महत्त्वाची. थर कोणत्या कोनात घातले, दाब नीट बसला का, कोपऱ्यात चुणी राहिली का, यावर सगळा खेळ. आणि धागा खरंच टी१००० होता की नाही, हे मी घरी बसून कसं तपासणार? वरची ती ३के विणीची (कापडासारखी चौकटीचौकटीची) नक्षी तर बहुतेक वेळा निव्वळ सजावट असते.

फ्रेमवरच्या यूसीआय स्टिकरचंही तेच. २०११ पासून यूसीआय (सायकल शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना) फ्रेम आणि फोर्कला (पुढचं चाक धरणारा चिमटा) मान्यता देते, पण ती आकार-मापं शर्यतीच्या नियमात बसतात का, याची. मजबुतीची हमी त्यात नाही. विचारायचंच असेल तर आयएसओ ४२१० या सायकलच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकाबद्दल विचारा. त्यात हँडलबार-स्टेमवर एकेका टप्प्यात १,००,००० वेळा भार टाकून पाहतात. तो अहवाल मागितल्यावर समोरचा नुसता हसरा इमोजी पाठवत असेल, तर तेच उत्तर समजा.

माझी बाजूही धुतल्या तांदळाची नाही. पहिलं वर्षभर माझ्याकडे टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरावर 'टिक' करून थांबवणारा पाना) नव्हता. साधारण ५ न्यूटन-मीटर लागतात तिथं मी ॲलन कीनं 'हाताच्या अंदाजानं' आवळत होतो. तडा त्यानं गेला की चुणीनं, देव जाणे. ॲल्युमिनियम अमर आहे असंही नाही. २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत अमेरिकन सायकलपटू जॉर्ज हिंकापीच्या सायकलचा स्टीअरर (फोर्कची वर हँडलपर्यंत जाणारी नळी) तुटून तो आपटला, आणि तो स्टीअरर ॲल्युमिनियमचाच होता, तोही बड्या कंपनीच्या सायकलवरचा. फरक एवढाच की ॲल्युमिनियमचा बार मार लागला की बऱ्याचदा वाकून दाखवतो. कार्बन आतून फुटलेला असतो आणि वरून गुळगुळीत दिसतो.

हे सगळं कशासाठी, तर जुन्या ॲल्युमिनियम बारपेक्षा ८५ ग्रॅम कमी. मी आणि सायकल मिळून ८० किलो धरले तर तासाभराच्या चढावर जेमतेम ४ सेकंद. तेवढं वजन तर बाटलीतलं पाणी दोन घोट पिऊनही कमी होतं.

म्हणून माझ्यापुरतं ठरवलंय. बाटलीचा पिंजरा, स्पेसर (स्टेमखालच्या चकत्या) वगैरे बिनधास्त घेईन, तुटले तर हसून सोडून देईन. डिस्क ब्रेकची कार्बन चाकं, नाव सांगून विकणाऱ्याकडून असतील, तर विचार करेन. रिम ब्रेकची अनोळखी कार्बन रिम नको. हा ब्रेक थेट रिमवर घासतो, त्यामुळे लांब उतारावर धरून ठेवला की रिम तापते, हलक्या प्रतीचं रेझिन मऊ पडतं, आणि मग ट्यूब फुटते ती नेमकी वळणावर. बिननावाचे हँडलबार, स्टेम, फोर्क तर अजिबातच नकोत. सीटपोस्टही नको (तो बसल्या जागी तुटला तर काय होईल, याची कल्पना ज्याची त्याने करावी). आणि दुसऱ्याचा लोगो छापलेला नकली माल सगळ्यात वाईट. जो नावात खोटं बोलतो तो थरांत खरं कशाला बोलेल?

जुना ॲल्युमिनियम बार काल रात्री परत चढवला. ५ वर रेंच 'टिक' झाला, हात आपोआप अजून थोडं आवळायला निघाला, त्याला आवरलं. कापलेले दोन तुकडे टेबलावर आहेत. चुणीचा फोटो जोडलाय, झूम करून बघा.