खुलासा : तारा मिळवणारी पहिली भारतीय दीपिका?

हॉलिवूडच्या 'वॉक ऑफ फेम' या, नामवंतांच्या नावाचे तारे बसवलेल्या फुटपाथवर तारा मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती म्हणजे दीपिका पदुकोण, असा मेसेज फिरतोय. तो चूक आहे. जुलै 2025 मध्ये 2026 च्या मानकऱ्यांच्या यादीत तिचं नाव जाहीर झालं, हे खरं. पण पहिली नव्हे.

म्हैसूर संस्थानात जन्मलेल्या साबू दस्तगीरचा तारा तिथे 1960 पासून आहे. माहुताचा हा पोर 1937 च्या 'एलिफंट बॉय'मधून थेट पडद्यावर आला आणि पुढे अमेरिकेतच स्थिरावला. मुंबईत जन्मलेले वाद्यवृंद-संचालक (कंडक्टर) झुबिन मेहता यांनाही 2011 मध्ये तारा मिळाला. आपल्याच शहरातला माणूस, तोही आपण विसरलो!

'पैसे भरले की तारा मिळतो' हेही अर्धवट. आधी नामांकन लागतं, मग हॉलिवूड चेंबर ऑफ कॉमर्सची समिती निवड करते. निवड झाल्यावर मात्र हजारो डॉलरचं शुल्क खरंच भरावं लागतं. ते बहुतेकदा स्टुडिओ किंवा चाहते भरतात.

आणि हो, सगळे तारे जमिनीवर नाहीत. बॉक्सर मुहम्मद अलींचा भिंतीवर आहे. पैगंबरांचं नाव पायदळी येऊ नये, म्हणून.