तेल कंपन्यांचा पैसा नोंदला गेला, म्हणून लोकप्रतिनिधी स्वच्छ ठरत नाहीत

पुण्यातल्या सोसायट्यांच्या, टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांच्या आणि निवृत्त अभियंत्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. पाठवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत आहेत, काहींची तर ह्यूस्टनलाच, तेलाच्याच धंद्यात. मजकुराचा गोषवारा असा: अमेरिकेत तेल कंपन्या लोकप्रतिनिधींना पैसे देतात, पण उघडपणे देतात आणि प्रत्येक डॉलरची नोंद होते. टीपॉट डोम प्रकरणानंतर (सरकारी तेलसाठ्यांसाठी मंत्र्याने लाच घेतल्याचं १९२० च्या दशकातलं प्रकरण), म्हणजे शंभर वर्षांत, तिथे तेलासाठी लोकप्रतिनिधी विकला गेलेला नाही. देणगी देणं म्हणजे मत विकत घेणं नव्हे. कुणी चुकलाच तर कायदा सिनेटरलाही सोडत नाही. तेव्हा भारतातही कंपन्यांना मोकळेपणाने देणग्या देऊ द्या. टेबलाखालचं टेबलावर येईल आणि टक्केवारी संपेल.

हा मजकूर पुढे पाठवणारी माणसं टक्केवारीला आणि मतदानाच्या आदल्या रात्रीच्या लक्ष्मीदर्शनाला खरोखर कंटाळलेली आहेत. त्यांची चीड माझीही आहे. म्हणूनच तो नीट तपासायला हवा. त्यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे, बाकीच्या टिकत नाहीत, आणि शेवटचा सल्ला आपल्याकडे आधीच अमलात आणून झाला आहे.

शंभर वर्षांचा दावा आधी घेतो, कारण तो सरळ खोटा आहे. अलास्का राज्याच्या तिजोरीत तेलावरच्या कराचा वाटा फार मोठा. २००६ साली तिथल्या विधिमंडळात हा कर किती असावा यावर वाद पेटला होता. व्हेको ही अँकरेजची कंपनी तेलक्षेत्रांतली कामं करायची. तिचा प्रमुख बिल ॲलन. कर २० टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा त्याचा आग्रह होता. जूनो या राजधानीतल्या बॅरानॉफ हॉटेलात व्हेकोने ६०४ क्रमांकाची खोली घेतली होती. आमदार तिथे यायचे, प्यायचे, मतांची बेरीज करायचे. एफबीआयने त्या खोलीत छुपे कॅमेरे बसवले होते. विधानसभेचा माजी सभापती पीट कॉट त्या चित्रणात ॲलनला सांगतो की, या कामासाठी मला फसवणूक, चोरी, खोटेपणा सगळं करावं लागलं. विक कोहरिंग हा दुसरा आमदार नोटा घेताना दिसतो. कॉटचा लाकडी फरशा बसवण्याचा व्यवसाय होता, आणि त्याला मिळालेले जवळपास ८ हजार डॉलर फरशीकामाचं खोटं बिल करून दिलेले होते. ३१ ऑगस्ट २००६ रोजी आमदारांच्या कार्यालयांवर छापे पडले. मे २००७ मध्ये ॲलनने आणि त्याच्या उपाध्यक्षाने लाच दिल्याचं न्यायालयात कबूल केलं. त्याच वर्षी ज्युरीने कॉट आणि कोहरिंग दोघांना दोषी ठरवलं. शंभर वर्षांपूर्वीची नव्हे, आयफोन बाजारात आला त्या वर्षातली ही गोष्ट.

याच प्रकरणात एक तपशील आहे, तो त्या मजकुराच्या मुळावरच येतो. छापे पडायच्या काही महिने आधी अलास्कातल्या तीन मोठ्या वृत्तपत्रांत एक लेख आला होता. व्हेकोच्या अधिकाऱ्यांकडून मोठ्या देणग्या घेणाऱ्या ११ आमदारांची नावं त्यात छापली होती. या देणग्या निवडणूक-निधी म्हणून नोंदलेल्या होत्या, म्हणूनच तर लेखात येऊ शकल्या. लेख वाचून आमदारांनी काय केलं? बारमध्ये बसून स्वतःला ‘भ्रष्ट हरामखोरांचा क्लब’ असं नाव दिलं, आणि पुढे त्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांच्या टोप्या निघाल्या. नाव जाहीर झालं की लोकप्रतिनिधी शरमेल, यावर मजकुरातला सगळा डोलारा उभा आहे. इथे नावं जाहीर झाली, राज्यभर वाचली गेली, आणि हॉटेलच्या खोलीतला व्यवहार चालूच राहिला. तो थांबला कॅमेऱ्यांमुळे आणि फोन-टॅपिंगमुळे. म्हणजे सत्तेतल्या माणसांची भीड न ठेवणाऱ्या तपासामुळे.

ॲलनबद्दल आणखी एक सांगायला हवं. १९८९ साली एक्सॉन व्हाल्डेझ या जहाजातून अलास्काच्या किनाऱ्यावर तेल सांडलं, तेव्हा सफाईचं मुख्य कंत्राट व्हेकोला मिळालं होतं. त्याच वर्षी ॲलनने ‘अँकरेज टाइम्स’ हे दैनिक विकत घेतलं. पुढे ते बंद पडलं, तरी प्रतिस्पर्धी दैनिकात त्याच नावाने आपली मतं छापायला जागा मिळेल, अशी सोय त्याने करून ठेवली. पैसा नोंदवहीत दिसत असला, तरी ती नोंदवही लोकांना वाचून दाखवणारं वृत्तपत्र कुणाच्या मालकीचं आहे, हा प्रश्न उरतोच.

प्रत्येक डॉलरची नोंद होते, हे अर्धं खरं. उमेदवाराला २०० डॉलरच्या वर देणगी देणाऱ्याचं नाव अमेरिकेत कुणालाही पाहता येतं. लॉबिंग करणाऱ्या, म्हणजे कायदे आपल्याला हवे तसे व्हावेत म्हणून लोकप्रतिनिधींकडे खटपट करणाऱ्या संस्थांना दर तिमाहीला खर्च जाहीर करावा लागतो. आपल्याकडे पक्षाला २० हजार रुपयांपर्यंत देणाऱ्याचं नाव निवडणूक आयोगाला कळवावंही लागत नाही. त्या तुलनेत तिथली शिस्त चांगली आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर कंपन्यांना निवडणूक प्रचारावर स्वतंत्रपणे अमर्याद खर्च करता येतो, आणि हा पैसा ‘समाजकल्याणा’च्या नावाने नोंदलेल्या संस्थांमार्फत फिरवला की मूळ देणगीदाराचं नाव बहुतेक वेळा बाहेर येत नाही. २००१ साली उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या अध्यक्षतेखाली ऊर्जा धोरण ठरवायला एक गट नेमला गेला. चेनी त्याआधी हॅलिबर्टन या तेलसेवा कंपनीचे प्रमुख होते. या गटाला कोण कोण भेटलं, याची कागदपत्रं मागणारा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेर कागद उघड करायला लागू नयेत असाच निर्णय झाला. २००५ च्या ऊर्जा कायद्यात खडक फोडून तेल-वायू काढण्याच्या पद्धतीला पिण्याच्या पाण्याच्या संरक्षण कायद्यातून सूट मिळाली. अमेरिकेत ही सूट आजही हॅलिबर्टनच्या नावाने ओळखली जाते.

नोंद करायला लावणारा नियमच पुसता येतो, हेही तिथेच घडलं. तेल आणि खाण कंपन्यांनी परदेशी सरकारांना दिलेले पैसे जाहीर करावेत, असं कलम २०१० च्या वित्तीय सुधारणा कायद्यात होतं. अंगोलापासून इक्वेटोरियल गिनीपर्यंतच्या राज्यकर्त्यांकडे तेलाचा किती पैसा जातो, हे त्या देशांतल्या सामान्य माणसाला कळावं, हा त्यामागचा उद्देश. फेब्रुवारी २०१७ मध्ये एक्सॉनचे माजी प्रमुख रेक्स टिलरसन परराष्ट्रमंत्री झाले. त्यानंतर दोन दिवसांत सिनेटने या कलमाचा अंमल करणारा नियम ५२ विरुद्ध ४७ मतांनी रद्द केला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यावर १४ फेब्रुवारीला सही केली. लपवण्याचा हा अधिकार कायदेमंडळाने भर सभागृहात, मोजून मतं टाकून दिला.

मग देणगीने मत विकत घेतलं जात नाही, या दाव्याचं काय? प्रामाणिकपणे सांगायचं तर एखाद्या मतदानावरून हे सिद्ध करणं अवघड असतं. कंपन्या आधीपासून आपल्या बाजूच्या उमेदवारालाच पैसे देतात, असा युक्तिवाद नेहमी होतो आणि काही वेळा तो खराही असतो. पण धंद्यातली माणसं आपसांत काय बोलतात, ते ऐकावं. २०२१ साली एक्सॉनच्या वॉशिंग्टनमधल्या एका वरिष्ठ लॉबिस्टचं छुपं चित्रण बाहेर आलं. कार्बन कर (इंधनातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनावरचा कर) कधी येणारच नाही हे आम्हाला माहीत आहे, म्हणूनच त्याला पाठिंबा द्यायला आमची हरकत नसते, असं तो त्यात सांगतो. कुणाकुणाच्या कार्यालयाशी आपलं नियमित बोलणं असतं, त्या सिनेटरांची नावं घेतो. ही आमची भूमिका नाही, असं कंपनीच्या प्रमुखांनी नंतर म्हटलं. मे २०२४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने बातमी दिली की, ट्रम्प यांनी तेल कंपन्यांच्या प्रमुखांना जेवणाला बोलावून प्रचारासाठी १ अब्ज डॉलर उभे करा असं सुचवलं, आणि त्याच बैठकीत पर्यावरणाचे नियम मागे घेण्याचीही ग्वाही दिली. यातलं बहुतेक तिथे गुन्हा ठरत नाही. मला चिंता वाटते ती याचीच.

ह्यूस्टनचा पैसा महाराष्ट्रालाही नवा नाही. एन्‌रॉन ह्यूस्टनचीच. १९९५ च्या सुरुवातीला तिच्या एका उपाध्यक्षेने अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे सांगितलं की, कोकणातल्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या वेळी भारतीयांना ‘शिक्षित’ करण्यासाठी कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. बघा, किती उघड. अमेरिकी संसदेच्या दप्तरात ते नोंदलेलं आहे. लाचेचा आरोप कंपनीने कायम नाकारला. युती सरकारने ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द केला, न्यायालयात गैरव्यवहाराचे आरोप केले, आणि काही महिन्यांत वाटाघाटी करून तोच प्रकल्प नव्या करारासह परत आणला. ते २ कोटी डॉलर नेमके कुणाकुणाच्या शिक्षणावर गेले, याचा हिशेब महाराष्ट्रातल्या वीजग्राहकाला कधीच मिळाला नाही.

दाभोळचं खरं स्वरूप लोकांना कळलं ते वेगळ्या कष्टांतून. पुण्यातल्या ‘प्रयास’च्या ऊर्जा गटाने वीज खरेदी करार तपासला आणि ही वीज राज्याच्या वीज मंडळाला झेपणार नाही, हे आकडे मांडून दाखवलं, तेही प्रकल्पातून पहिलं युनिट वीज मिळण्याच्या काही वर्षं आधी. पुढे २००१ मध्ये माधव गोडबोले यांच्या समितीने सरकारी निर्णयप्रक्रियेतल्या चुका एकामागून एक लिहून काढल्या. वीज घ्या अथवा नका घेऊ, स्थिर आकार भरायचाच, तोही डॉलरच्या दराशी बांधलेला, अशी कराराची रचना होती. मे २००१ मध्ये प्रकल्प थांबला, डिसेंबरमध्ये एन्‌रॉनच बुडाली. पुण्यात बसून आपण अमेरिकी पारदर्शकतेचे गोडवे गातो, तेव्हा या शहरातल्या माणसांनी केलेलं हे काम विसरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कायदा सिनेटरलाही सोडत नाही, या दाव्याबद्दल थोडक्यात. टीपॉट डोममध्ये सरकारी जमिनी आणि खनिजं सांभाळणाऱ्या खात्याचे मंत्री आणि माजी सिनेटर अल्बर्ट फॉल यांना १९२९ साली १ लाख डॉलरची लाच घेतल्याबद्दल शिक्षा झाली. तेच १ लाख डॉलर देणारे तेलसम्राट एडवर्ड डोहेनी १९३० साली निर्दोष सुटले. अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स व्हेकोकडून मिळालेल्या भेटवस्तू लपवल्याबद्दल २००८ मध्ये दोषी ठरले, पण सरकारी वकिलांनी पुरावे दडवल्याचं उघड झालं आणि २००९ मध्ये तो निकालच रद्द झाला. तो रद्द होणं योग्यच होतं. मात्र मजकुरात स्टीव्हन्स ‘तुरुंगात गेलेला सिनेटर’ म्हणून येतात, आणि ते एक दिवसही तुरुंगात गेले नाहीत. कॉट आणि कोहरिंग यांच्या शिक्षाही त्याच कारणाने रद्द झाल्या, आणि २०११ मध्ये तडजोडीने गुन्हा कबूल करून दोघे आधी भोगलेल्या कैदेवर सुटले. त्यानंतर लाचेची व्याख्या आणखी आकसली. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, काम झाल्यावर खुशीने दिलेला पैसा राज्य आणि स्थानिक पातळीवरच्या अधिकाऱ्यांना लागू असलेल्या केंद्रीय लाच कायद्यात बसत नाही. प्रकरण एका महापौराचं आणि १३ हजार डॉलरचं होतं. काम झाल्यावर मिळणाऱ्या पाकिटाचा अर्थ पुण्यातल्या माणसाला मी वेगळा सांगायला नको.

आता तो सल्ला: देणग्या कायदेशीर करा, म्हणजे सगळं समोर येईल. २०१७ च्या वित्त कायद्याने कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली. २०१८ पासून निवडणूक रोखे आले. सगळं बँकेतून, सगळं पांढरं, सगळं कायदेशीर. मतदाराला मात्र देणाऱ्याचं नाव कळू नये, अशीच त्याची रचना होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ती योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे याद्या बाहेर आल्या.

त्या याद्यांत सुमारे ४०० कोटींचे रोखे घेणारी वेदांता आहे. राजस्थानातल्या बाडमेरचं तेलक्षेत्र आता तिच्या समूहाकडे आहे. तेलात उतरण्याआधी तिच्या समूहातल्या कंपन्यांनी काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांना देणग्या दिल्या होत्या. मूळ कंपनी परदेशी असल्यामुळे या देणग्या परकीय निधी कायद्याचा भंग ठरतात, असा निकाल मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. त्यावर संसदेने काय केलं? २०१६ च्या वित्त कायद्यात परकीय स्रोताची व्याख्याच बदलली, तीही २०१० पासून लागू करून. ते पुरेसं नाही हे लक्षात आल्यावर २०१८ मध्ये ही सवलत थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. ही दुरुस्ती लोकसभेत चर्चेविना मंजूर झालेल्या वित्त विधेयकात होती. ज्यांनी पैसे घेतले त्यांनीच ते घेणं मागच्या तारखेने कायदेशीर करून टाकलं.

माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला आणि त्या दिवशी देशातला पहिला अर्ज पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात दाखल झाला. ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना हा कायदा लागू होतो, असा आदेश दिला. मार्च २०१५ मध्ये आयोगाला लिहून द्यावं लागलं की, पक्षांनी आदेश पाळलेला नाही आणि तो पाळायला लावण्याचं साधन आयोगाकडे नाही. जे हा मजकूर पुढे पाठवत आहेत, त्यांनी आपण मत देतो त्या पक्षाच्या शहर कार्यालयात जाऊन एवढंच विचारावं: २०१३ च्या आदेशाप्रमाणे तुमचा माहिती अधिकारी कोण, आणि अर्ज कुणाकडे द्यायचा?