तुरुंग खात्याचा मंत्री आणि न्यायमूर्ती

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यावरील तुमच्या लेखात, राजकारणातून आलेला न्यायाधीश निःपक्षपाती राहू शकत नाही, असे म्हटले आहे. त्यात इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवणाऱ्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाला त्यांनी २४ जून १९७५ रोजी दिलेल्या सशर्त स्थगितीचे विवेचन सविस्तर आले आहे, मात्र त्यांचे मंत्रिपद दोन ओळींत आटोपले, याची खंत वाटते. १९५७ मध्ये केरळच्या नंबूद्रिपाद मंत्रिमंडळात गृह आणि कायद्याबरोबरच तुरुंग खातेही त्यांच्याकडे होते, आणि त्याआधी १९४८ मध्ये ते स्वतः महिनाभर कोठडीत राहिले होते. सुनील बत्रा या कैद्याच्या प्रकरणात (१९७८ व १९८०) कैद्याचे मूलभूत हक्क तुरुंगाच्या दाराशी संपत नाहीत, असे त्यांनी ज्या तळमळीने मांडले, तिचे मूळ मला या अनुभवात दिसते.

गोव्यातल्या वाचकांसाठी मला त्यांचा मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेविरुद्धचा १९८० चा निकाल अधिक मोलाचा वाटतो. उघडी गटारे आणि दुर्गंधी यांनी त्रासलेल्या रहिवाशांपुढे नगरपालिकेने पैसे नसल्याची सबब सांगितली, ती त्यांनी साफ फेटाळली. आमच्या वाड्यावरच्या तुंबलेल्या गटाराबद्दल आम्ही अर्ज लिहिला, तेव्हा याच निकालाचा आधार घेतला होता. काम व्हायला दोन पावसाळे लागले, पण निधी नाही हे उत्तर पुन्हा मिळाले नाही.

राजकारणातून आलेला न्यायाधीश निःपक्षपाती राहू शकत नाही, हे लेखातले सरसकट विधान म्हणूनच मला मान्य नाही.