शास्त्रज्ञ आहेत, प्रश्न विचारणारे हवेत

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पुढच्याच वर्षी पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा वाद पेटला आणि २९ जून २०२५ रोजी राज्य सरकारला त्यासंबंधीचे आदेश मागे घ्यावे लागले. या दोन्ही घटनांच्या निमित्ताने मराठी ज्ञानभाषा व्हावी ही जुनी मागणी पुन्हा सर्वांच्या तोंडी आली. जर्मनीत बसून ही चर्चा वाचताना जाणवते ते हे की, तिच्यात शाळा असते, परिभाषाकोश असतात, अभियांत्रिकीची मराठी पाठ्यपुस्तके असतात. पण शिक्षण केव्हाच संपलेल्या, रोजचे दोन तास लोकलमध्ये किंवा स्वयंपाकघरात घालवणाऱ्या प्रौढ माणसाची नव्या संशोधनाशी मराठीतून भेट कुठे व्हावी, हा प्रश्न तिच्यात फारसा निघत नाही. वास्तविक हा माणूस आज कानांनी मोकळा आहे. मराठी पॉडकास्ट गेल्या काही वर्षांत ज्या वेगाने वाढले, त्यावरून तो किती ऐकू शकतो हे दिसतेच.

हे पॉडकास्ट मी आवडीने ऐकते. नट, लेखक, उद्योजक यांच्या दीड-दोन तासांच्या गप्पांत जो मोकळेपणा असतो, तो त्या विषयांना शोभतो. अडचण सुरू होते ती त्याच खुर्चीत डॉक्टर, आहारतज्ज्ञ किंवा अर्थव्यवस्थेचे अभ्यासक येऊन बसतात तेव्हा. त्यांनाही ‘तुमचा प्रवास सांगा’ असेच विचारले जाते आणि पुढे पाहुणा जे म्हणेल त्याला यजमान मान डोलावतो. मध्यंतरी एका लोकप्रिय कार्यक्रमात (त्याचे नाव घेण्याचे कारण नाही) एक वैद्यकीय पाहुणे उपवासाने बऱ्या होणाऱ्या रोगांची यादी सांगत होते. ती यादी मधुमेहापासून निघून कर्करोगापर्यंत पोहोचली, तरी ‘हे कशावरून?’ एवढा साधा प्रश्न अखेरपर्यंत आला नाही. हा भाग आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरही फिरला, आणि तो पुढे पाठवणाऱ्यांत स्वतः प्रयोगशाळेत काम करणारे लोक होते.

यावर गावाकडून येणारे ठरलेले उत्तर असे असते की, आपले शास्त्रज्ञ लोकांशी बोलतच नाहीत, बोलले तर इंग्रजीत बोलतात आणि म्हणून मैदान इतरांना मोकळे मिळते. मला हे निदान अपुरे वाटते. बोलणारे आहेत. त्यांना बोलते करण्याआधी त्यांचे काम वाचून येणारा माणूस मात्र आपल्याकडे नाही. हे मी ज्या उदाहरणावरून म्हणते ते जर्मनीतले आहे आणि ते थोडे सविस्तर सांगणे भाग आहे.

हॅम्बुर्गच्या नॉर्डडॉइचर रुंडफुंक, म्हणजे एनडीआर, या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २६ फेब्रुवारी २०२० रोजी ‘कोरोनाव्हायरस-अपडेट’ नावाचा पॉडकास्ट सुरू केला. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील विषाणुशास्त्र विभागाचे प्रमुख ख्रिस्तियान ड्रोस्टन हे त्यातले एकमेव पाहुणे होते. सुरुवातीला हा कार्यक्रम आठवड्याचे पाचही कामाचे दिवस होत असे, पुढे त्याचे भाग विरळ आणि लांब होत गेले. सप्टेंबर २०२० पासून फ्रांकफुर्टच्या विषाणुशास्त्रज्ञ सांद्रा सिझेक आलटूनपालटून येऊ लागल्या आणि मार्च २०२२ मध्ये नियमित भाग थांबले. तोवर तो कोट्यवधी वेळा ऐकला गेला होता, त्याला ग्रिमे ऑनलाइन पुरस्कार मिळाला होता आणि ड्रोस्टन हे नाव किराणा दुकानाच्या रांगेतही उच्चारले जात होते.

या यशाचे श्रेय सगळेच ड्रोस्टन यांना देतात आणि ते योग्यही आहे. पण मला त्यात अधिक शिकण्यासारखी वाटते ती त्यांच्यासमोर बसलेल्या संपादकाची भूमिका. कोरिना हेनिग आणि त्यांच्या सहकारी या विज्ञानविषयाच्या पत्रकार होत्या. ज्या शोधनिबंधावर बोलायचे तो त्यांनी आधी वाचलेला असे. नमुना किती जणांचा होता, तुलना कोणाशी केली, हा निबंध इतर तज्ज्ञांनी तपासला आहे की अजून तपासायचा आहे, असे प्रश्न त्या श्रोत्याच्या वतीने विचारत. मागच्या आठवड्यात तुम्ही वेगळे म्हणाला होता, याची आठवण त्या सभ्यपणे पण न चुकता करून देत. प्रत्येक भागाचा शब्दशः लिखित मसुदा चर्चेत आलेल्या अभ्यासांच्या यादीसह प्रसिद्ध होई. त्यामुळे कोणाही शिक्षकाला, पत्रकाराला किंवा संशयखोराला ते वाक्य नेमके कसे होते हे पडताळून पाहता येत असे. तासाभराच्या बोलण्यातले तीस सेकंद कापून फिरवणाऱ्यांपासून वाचण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

अशा चौकटीत मत बदलणेही श्रोत्यांच्या देखत होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद कराव्यात की नाही याबाबत ड्रोस्टन आधी साशंक होते. मग १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकेतील कोणत्या शहरांनी निर्बंध लवकर लावले आणि तिथे मृत्यूंचे प्रमाण कसे राहिले, याचा एक अभ्यास त्यांच्या हाती आला आणि त्यांचे मत पालटले. हे सर्व त्यांनी कार्यक्रमातच उलगडून सांगितले. आपल्याकडे तज्ज्ञाने मत बदलले की त्याला पलटी मारली म्हणतात. इथेही तसे म्हणणारे होते. पण मत का बदलले याचा संपूर्ण हिशेब श्रोत्यांपुढे असल्यामुळे त्यावर वाद घालायला काहीतरी ठोस होते.

मे २०२० मध्ये ‘बिल्ड’ या सर्वाधिक खपाच्या दैनिकाने मुलांमधील विषाणूच्या प्रमाणाबद्दलचा ड्रोस्टन यांच्या गटाचा अभ्यास संशयास्पद पद्धतींवर उभा आहे, अशी बातमी केली. उत्तरासाठी दैनिकाने त्यांना तासभराची मुदत दिली होती. बातमीत ज्या संख्याशास्त्रज्ञांचे दाखले दिले होते, त्यांनीच नंतर त्या मांडणीपासून अंग काढून घेतले. ड्रोस्टन यांनी पॉडकास्टमध्ये मान्य केले की वापरलेली संख्याशास्त्रीय पद्धत ढोबळ होती, मात्र निष्कर्षाचा रोख त्यामुळे बदलत नाही. टीकेतले ग्राह्य ते घेऊन अभ्यास सुधारला गेला. संख्याशास्त्रातील एक वाद, जो एरवी एखाद्या नियतकालिकाच्या पत्रव्यवहारात संपला असता, तो लाखो सामान्य लोकांनी समजून घेतला, ही गोष्ट मला आजही अपूर्व वाटते.

आता याची दुसरी बाजू. हे वैभव फुकट नाही. जर्मनीत प्रत्येक घराला प्रसारणासाठी सक्तीची वर्गणी भरावी लागते. २०२१ मध्ये ती वाढून दरमहा १८.३६ युरो झाली. घरात रेडिओ असो वा नसो, ती भरावीच लागते आणि त्याबद्दल कुरकुर करणारे शेजारी माझ्या इमारतीतही आहेत. डिसेंबर २०२० मध्ये झाक्सेन-आनहाल्ट राज्याने ही वाढ रोखून धरली होती आणि शेवटी घटना न्यायालयाला ऑगस्ट २०२१ मध्ये ती लागू करावी लागली. शिवाय ज्यांचा सार्वजनिक माध्यमांवर मुळातच विश्वास नाही, त्यांच्यापर्यंत हा पॉडकास्ट पोहोचला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ड्रोस्टन यांना धमक्या आल्या. एका चेहऱ्यावर विज्ञानाची सगळी जबाबदारी टाकली की त्या चेहऱ्याचा द्वेष करणे हेच काहींचे विज्ञानाबद्दलचे मत बनते, हा धडाही याच देशाने दिला.

त्याच काळात महाराष्ट्रात तज्ज्ञांचा कृती दल होता आणि त्यातले डॉक्टर वाहिन्यांवर येऊन मराठीत बोलतही होते. पण महाराष्ट्र प्रामुख्याने ऐकत होता तो मुख्यमंत्र्यांचे फेसबुकवरील संबोधन. त्या संबोधनाने अनेकांना धीर दिला आणि ती मोलाची गोष्ट होती. तरीही धीर देणे आणि पुराव्याची छाननी करणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसरे काम राजकीय नेत्याकडून अपेक्षित धरणे त्याच्यावरही अन्यायकारक आहे. वाहिन्यांवर डॉक्टरांना मिळत ती दोन मिनिटे, आणि तीही चार खिडक्यांच्या गलबल्यात.

म्हणून जर्मन नमुना उचलून आणा असे मी म्हणत नाही. महाराष्ट्राला सक्तीची वर्गणी परवडणार नाही आणि चालणारही नाही. पण ऐकण्याची परंपरा आपल्याकडे कोणाकडून उसनी आणावी लागणार नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी तास-दीड तास एका विषयावर ऐकत बसणे ही मराठी शहरांची सवयच होऊन गेली. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्याने होतात. जयंत नारळीकर तर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत की, मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठवा, मी सहीनिशी उत्तर पाठवीन. प्रश्नाला इतकी प्रतिष्ठा देणारा माणूस आपल्यात होऊन गेला आणि आपण त्यांच्या पश्चात आठवणींचे भाग काढले ते मात्र बहुतेक त्यांच्या मोठेपणाचे.

व्याख्यानाची एक मर्यादा आहे: वक्ता बोलतो आणि प्रश्न शेवटी येतात, तेही वेळ उरला तर. पॉडकास्ट ही उणीव भरून काढू शकतो, कारण त्यात प्रश्नकर्ता पहिल्या मिनिटापासून हजर असतो. अर्थात तो तयारी करून आला असेल तर. मराठीत असे अजिबात होत नाही असे नाही. बीबीसी मराठीची ‘गोष्ट दुनियेची’ ही मालिका एक प्रश्न घेते आणि निरनिराळ्या तज्ज्ञांच्या म्हणण्यातून तो सोडवत नेते; तिची बांधणी मला आदर्श वाटते. फक्त तिचे विषय नावाप्रमाणेच दुनियेचे असतात, आणि संपादनाची ही शिस्त पाहायला आपल्याला एका ब्रिटिश संस्थेच्या नावाकडे जावे लागावे, याची थोडी खंत वाटते.

घरच्या विषयांवर अशा कार्यक्रमाची किती गरज आहे हे नैसर्गिक विज्ञानापेक्षा सामाजिक संशोधनात अधिक दिसते. मराठा आरक्षणासाठी राज्य मागासवर्ग आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यभर घरोघरी सर्वेक्षण केले, फेब्रुवारीत अहवाल आला आणि २० फेब्रुवारीला १० टक्के आरक्षणाचे विधेयक विधिमंडळात मंजूर झाले. मोर्चे, उपोषणे, न्यायालयीन युक्तिवाद यांवर किती तास बोलले गेले याची मोजदाद नाही; पण मागासलेपण मोजायचे कसे, प्रश्नावलीत काय होते, कोणत्या उत्तराला किती गुण दिले आणि का, हे एखाद्या संख्याशास्त्रज्ञाला तासभर शांतपणे विचारणारा मराठी कार्यक्रम मला सापडला नाही. आरक्षणाच्या बाजूने असणाऱ्यांनाही तो हवा होता आणि विरोधकांनाही.

याच प्रकारची पुढची कसोटी आता जनगणनेची आहे. येत्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख आहे. हा विषय समजून घ्यायचा तर २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेचे काय झाले हे आधी पाहावे लागते. त्या गणनेची आकडेवारी मिळावी म्हणून महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्याला उत्तर देताना २०२१ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितले की, १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या, तर २०११ मध्ये नोंदींची संख्या ४६ लाखांच्या पुढे गेली. एकट्या महाराष्ट्रात अधिकृत याद्यांत ४९४ जाती असताना नोंदी मात्र ४ लाख २८ हजारांहून अधिक निघाल्या. एवढ्या जाती अर्थातच अस्तित्वात नाहीत. कोणी पोटजात सांगितली, कोणी कूळ किंवा आडनाव सांगितले, प्रगणकाने एकच नाव दोन तऱ्हांनी लिहिले, आणि आधी ठरवलेली यादी हाताशी नसल्यामुळे प्रत्येक लिखाण स्वतंत्र जात होऊन बसले. या वेळी यादी असेल का, ती कोण करणार, यादीत नसलेले नाव सांगणाऱ्याचे काय करायचे, विमुक्त-भटक्या समूहांची वेगवेगळ्या तालुक्यांत वेगवेगळी नावे आहेत ती एकत्र कशी आणायची, हे प्रश्न तांत्रिक दिसतात. पण उद्याची धोरणे आणि उद्याचे मोर्चे दोन्ही त्यांच्या उत्तरांवर उभे राहणार आहेत.

या एका विषयावर दहा-बारा भागांची मराठी मालिका सहज होईल आणि तिच्यासाठी कोणाला परदेशातून बोलवावे लागणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ज्या संस्थेकडून होते ती आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था मुंबईत देवनारला आहे, पुण्यात अर्थशास्त्राची गोखले संस्था १९३० पासून आहे, आणि पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ हे रेडिओ केंद्रही आहे. ध्वनिमुद्रणाचा खर्च आज किरकोळ आहे. खर्च आहे तो प्रत्येक भागासाठी आठवडाभर अहवाल वाचणाऱ्या, पाहुण्याला अडवू शकणाऱ्या आणि नंतर बसून लिखित मसुदा तपासणाऱ्या माणसाच्या पगाराचा. भाषेच्या नावाने निघणाऱ्या अनुदानांत, पुरस्कारांत आणि संमेलनांच्या अंदाजपत्रकांत अशा दोन-तीन पदांची सोय करणे अवघड नाही. पण तशा पदाची जाहिरात मी अजून कुठे पाहिलेली नाही.