‘फुकटची बाळंतपणे’: एका फिरत्या मजकुराला उत्तर

गेले काही दिवस कर्नाटकातील खानापूर, बेळगाव, निपाणी भागातील नात्यागोत्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: सरकार करदात्यांच्या पैशातून दर बाळामागे वीस-वीस हजार वाटते, त्यामुळे लोक मुलांची रांग लावतात, आपल्या आज्या घरीच बाळंत होत होत्या आणि कोणी मरत नव्हते, सरकारी दवाखान्यात गेले की पोट फाडतातच, आणि एवढे करून मराठी बाईच्या वाट्याला काहीच येत नाही, तेव्हा हे सगळे बंद करा. एरवी मी तो पुसून टाकला असता. परंतु जांबोटीकडे दिलेल्या माझ्या भाचीच्या सासूबाईंनी तो मला फोनवर वाचून दाखवला आणि ‘पावसापाण्यात कुठे हिंडवायची पोरीला, सुईण घरी बोलावू’ असे सांगितले, तेव्हा उत्तर देणे भाग पडले. भाचीला सातवा महिना आहे आणि तिचे हिमोग्लोबिन 8 आहे, म्हणजे अंगात रक्त कमी आहे.

वीस हजारांचा हिशेब आधी उरकतो. जननी सुरक्षा योजनेत कर्नाटकात दारिद्र्यरेषेखालील किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला दवाखान्यातील बाळंतपणासाठी खेड्यात 700 आणि शहरात 600 रुपये मिळतात. केंद्राच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 आणि दुसरे बाळ मुलगी असल्यास 6000 रुपये आहेत. या योजनेत तिसऱ्याला काही नाही. वास्तविक 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर बाईला किमान 6000 रुपयांचा हक्क दिलेला असताना पहिल्या बाळाची रक्कम 5000 वरच थांबली आहे. या पैशांसाठी मुलांची रांग लागते म्हणावे, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार कर्नाटकात दर बाईमागे मुलांचे प्रमाण 2005-06 मधील 2.1 वरून 2019-21 मध्ये 1.7 वर उतरले आहे.

आता ‘घरी कोणी मरत नव्हते’ या वाक्याकडे येतो, कारण सगळ्या मजकुरात जीव घेण्याची ताकद याच एका वाक्यात आहे. मी सासूबाईंना विचारले, तुमच्या सासूबाई कशा होत्या? त्या म्हणाल्या, ‘फार प्रेमळ. दुसरेपणावर आलेल्या.’ आणि पहिली? थोडा वेळ फोनवर नुसता पावसाचा आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, ‘ती अडली होती.’ आपल्याकडच्या जुन्या घरांत दुसरेपणाची लग्ने इतकी का होत होती, याचा विचार हा मजकूर लिहिणाऱ्याने कधी केलेला दिसत नाही. ‘अडली’, ‘जार पडला नाही’, ‘बाळंतवाताने गेली’ हे शब्द आपल्या भाषेत कोणी हौसेने घडवलेले नाहीत. ज्या आज्या वाचल्या त्या गोष्टी सांगायला उरल्या; ज्या गेल्या त्यांच्या जागी दुसरी आली आणि पहिलीचे नावही घरात कोणी घेईनासे झाले.

केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीत हेच आकड्यांत दिसते. कर्नाटकात दर लाख जिवंत जन्मांमागे 2004-06 मध्ये 213 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये ती संख्या 69 वर आली. याच सुमारास दवाखान्यातील बाळंतपणांचे प्रमाण साधारण 65 टक्क्यांवरून 97 टक्क्यांवर गेले. पैसा कुठे जातो, असे विचारणाऱ्यांनी प्रसूतिगृहातला फ्रिज उघडून पाहावा. बाळ बाहेर आल्याबरोबर मिनिटाभरात आईच्या मांडीत जे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात, ते 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागते. म्हणजे फ्रिज हवा, वीज हवी आणि रात्री तीन वाजता ते टोचणारी नर्स जागी हवी. प्रसूतीनंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांत बाई नेऊ शकतो, आणि जिच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे तिला तेवढाही अवधी मिळत नाही. सुईणीचा हात कितीही हलका असला तरी तिच्या पिशवीत रक्ताची बाटली नसते.

‘पोट फाडतात’ याविषयी एवढेच, की 2019-21 च्या त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातील सिझेरियनचे प्रमाण सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के आणि खासगीत 47.4 टक्के निघाले. बोट उलट्या दिशेला दाखवले गेले आहे.

मराठी बाईच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. आपल्या भागात तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या तपासण्यांच्या नोंदीचे कार्ड, कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये, भिंतीवरचा तक्ताही कन्नडमध्ये असतो, आणि मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला स्वतःचा रक्तदाब कोणत्या रकान्यात लिहिला आहे हेही समजत नाही. तालुक्यात पंधरा टक्के लोक एखादी अल्पसंख्य भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीचे मान्य धोरण असूनही अंमलबजावणीची रड कायम आहे. परंतु कागदाची भाषा ही एक गोष्ट आणि हक्क ही दुसरी. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी मोफत आहे. त्यासाठी कोणी मातृभाषा विचारत नाही. पहिलटकरीण माहेरी, महाराष्ट्रातील चंदगडच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली तरी ही सेवा तिथेही मिळते.

आणखी एक कबुली देतो. ‘मोफत’ हा शब्द अनेकदा फक्त फलकावरच राहतो. माझ्या सुनेच्या वेळी एका सरकारी दवाखान्यात बाळ हातात देताना ‘पेढ्यांचे’ म्हणून पाचशे रुपये मागितले आणि मी ते मुकाट्याने दिले. भीमगडच्या जंगलातील आमगावसारख्या गावात पावसाळ्यात 108 ची गाडी पोहोचत नाही आणि आजारी माणसाला खांद्यावरून आणावे लागते. शेजारच्या महाराष्ट्रात 2018-20 चा माता मृत्यूचा आकडा 33 होता, म्हणजे आपल्या निम्म्याहूनही कमी. यावर ओरड जरूर करावी, पण ती रस्ता, गाडी आणि नर्स वाढवून मागण्यासाठी करावी. हा मजकूर तर आहे तेही बंद करा म्हणतो.

सासूबाईंना मी एवढेच सांगितले, की दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांना डॉक्टर मोफत तपासतात. त्यांनी आशाताईचा नंबर मागून घेतला आणि विचारले, ‘लोहाच्या गोळ्यांनी मळमळते म्हणून तिने सोडल्यात, ते तिथे सांगितले तर चालेल ना?’