चौकोन-गोलाचा पत्रा बटणाने उलगडत नाही

आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘हाताने डेव्हलपमेंट काढणं आता कालबाह्य झालं. थ्रीडी मॉडेल बनवा, बटण दाबा, कुठलाही आकार सपाट होऊन मिळतो, तोही मिलिमीटरला अचूक. के-फॅक्टर ०.४४ टाका आणि कापायला लेझरला पाठवा.’ डेव्हलपमेंट म्हणजे घडवायच्या वस्तूचा सपाट पत्र्यावरचा उलगडा. मी रोज हेच काम करतो, तेही सॉफ्टवेअरवरच. या मेसेजवर विसंबलं की चांगला पत्रा भंगारात जातो, म्हणून एकेक दावा घेतो.

‘कुठलाही आकार सपाट होतो.’ नाही होत. गाउसने १८२७ मध्येच दाखवून दिलं की पृष्ठभाग न ताणता कसाही वाकवला तरी त्याची एक विशिष्ट वक्रता बदलत नाही. सपाट पत्र्याची ती शून्य, म्हणून नुसतं वाकवून जे घडेल त्याचीही शून्यच. नळा बसतो, शंकू बसतो, घुमट बसत नाही.

खरी गोम चौकोनातून गोलात जाणाऱ्या तुकड्यात आहे. चौकोनाच्या प्रत्येक बाजूवर एक सपाट त्रिकोण आणि प्रत्येक कोपऱ्यातून निघून पाव वर्तुळाला भिडणारा तिरप्या शंकूचा भाग, असे चार अधिक चार भाग बांधले तर तो नेमका उलगडतो. त्याच चौकोन-वर्तुळात साधा लॉफ्ट मारला, म्हणजे दोन आकार देऊन मधला पृष्ठभाग सॉफ्टवेअरलाच भरायला लावला, तर पीळ पडलेला पृष्ठभाग मिळतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात.

आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने असाच लॉफ्ट केला. शीट मेटलची कमांड तो उलगडेना, तेव्हा त्याने पृष्ठभाग ताणून सपाट करणारी दुसरी कमांड वापरली. पॅटर्न मिळाला, ३ मिमीचा पत्रा कापून आला, प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा दाबून वाकवायच्या मशीनवर गेला. वरची गोल कड जुळवली की खालचा कोपरा उघडा पडायचा, कोपरा धरला की वर फट. पहिल्या कमांडने नकार दिला होता तिथेच थांबायला हवं होतं.

‘मिलिमीटरला अचूक.’ आकडेच घेऊ. खाली ६०० बाय ६००, वर ४०० व्यास, उंची ५०० मिमी, दोन्ही एकाच अक्षावर. वर्तुळाचे १२ भाग केले की कोपऱ्यातून निघणाऱ्या चार रेषांच्या खऱ्या लांब्या ५९१.६, ५५३.२, ५५३.२ आणि ५९१.६ येतात. प्लॅनमध्ये, म्हणजे वरून पाहिलेल्या चित्रात, त्यातली लांब रेष ३१६.२ च दिसते. तिच्या वर्गात उंचीचा वर्ग मिळवला की खरी लांबी निघते. इथवर सॉफ्टवेअर चुकत नाही. पण प्रेस ब्रेकवर शंकू गोल वळत नाही, पैलू पाडत वाकवावा लागतो. १२ भागांत प्रत्येक जीवा १०३.५, सगळ्या मिळून १२४२.३. परीघ मात्र १२५६.६. म्हणजे १४.३ मिमी तूट, आणि वर गोल कॉलर बसवायला गेलात की ती हातात येते. २४ भाग केले तर तूट ३.६ वर येते, पण बेंड दुप्पट होतात. किती पैलू घ्यायचे हा निर्णय तुमचा, बटणाचा नाही. शिवाय ४०० हा व्यास आतला की पत्र्याच्या मध्यरेषेचा? ३ मिमी पत्र्यात तेवढ्यानेच परिघात ९.४ मिमीचा फरक पडतो.

‘के-फॅक्टर ०.४४.’ पत्रा वाकताना जो थर ना ताणतो ना दबतो, तो आतल्या बाजूपासून जाडीच्या किती अंशावर आहे, ते हा आकडा सांगतो. सगळीकडे एकच आकडा चालत नाही. मोठ्या त्रिज्येच्या रोलिंगमध्ये तो ०.५ च्या जवळ राहतो, घट्ट बेंडमध्ये खाली उतरतो. त्याच पत्र्याची १०० मिमीची पट्टी त्याच डायवर (खालच्या साच्यावर) वाकवा, मोजा, त्यावरून काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

‘हाताने काढणं कालबाह्य.’ दोन तास कंपास घेऊन बसा असं मीही म्हणणार नाही. पण त्रिकोणांत तोडायची पद्धत डोक्यात हवीच. एकमेकांशी तिरकी असलेली दोन लहानमोठी वर्तुळं जोडताना त्यांच्यावरचे समोरासमोरचे बिंदू जोडून चौकटी पडतात आणि प्रत्येक चौकटीला दोन कर्ण असतात. एका कर्णाने पत्रा बाहेर फुगतो, दुसऱ्याने आत चेपतो. कुठला घ्यायचा, हे ज्याने एकदा तरी हाताने काढलंय त्याला लगेच कळतं.

त्या मुलाने नंतर चार त्रिकोण, चार शंकू असं मॉडेल नव्याने बांधलं. जोड कोपऱ्यावर न ठेवता समोरासमोरच्या दोन त्रिकोणांच्या मध्यावर घेतला आणि तुकडा दोन अर्ध्यांत केला, कारण पूर्ण बंद झालेला तुकडा प्रेस ब्रेकच्या पंचावरून (वरून दाबणाऱ्या हत्यारावरून) निघत नाही. लेझरला फाईल पाठवण्याआधी १:५ च्या मापाने कार्डशीटवर कापून त्याने तो टेबलावर चिकटवून पाहिला. या वेळी चारही कोपरे टेकले होते.