‘दरोडेखोराला हिरो केलं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नमस्कार. ‘डॉग डे आफ्टरनून’ या खऱ्या बँक दरोड्यावरून काढलेल्या सिनेमावर मी लेख लिहिला, त्याखाली कमेंटमध्ये तुम्ही म्हणताय की सिनेमानं दरोडेखोराला हिरो केलंय, खरी घटना वेगळी होती, त्याचा साथीदार ‘साल’ याचं वय चुकलंय, सिनेमा रेंगाळतो, म्युझिक नाही, आणि शेवटी “मॅडम, हळव्या बायकांना असल्या माणसांचा पुळका येतोच.” या शेवटच्या वाक्याची गरज होती का? सिनेमा नाही आवडला तर तसं सांगा ना, पण मी बाई म्हणून माझं मत हळवं, ही कुठली बोलायची पद्धत? समोर बसून असं बोलला असतात?

आता हळवेपणाचं निघालंच आहे तर सांगते. मी बँकेत कॅशवर काम केलंय आणि आमच्या शाखेत एकदा एक माणूस सुरा घेऊन शिरला होता, तेव्हा पुळका वगैरे मला शिकवू नका. त्याचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता आणि त्याचीच मला भीती वाटत होती, कारण घाबरलेला माणूस पुढच्या क्षणाला काय करेल हे त्याचं त्यालाच माहीत नसतं. अल पचिनोनं केलेला दरोडेखोर सनी अगदी तसाच आहे. खोक्यातून रायफल काढताना रिबिनीत अडकतो, सोबतचा एक जण सुरुवातीलाच कच खाऊन निघून जातो, हाती लागतात जेमतेम ११०० डॉलर. हा हिरो? त्याला हिरो करते ती बाहेरची गर्दी. तो ‘ॲटिका, ॲटिका’ ओरडतो आणि लोक पेटतात, कारण १९७१ मध्ये ॲटिका तुरुंगातला उठाव मोडताना पोलिसांच्या गोळीबारात कैदीही मेले आणि ओलीस ठेवलेले कर्मचारीही, ती चीड लोकांच्या मनात ताजी होती. गर्दीनं टाळ्या वाजवल्या म्हणजे दिग्दर्शक सिडनी ल्युमेटनं वाजवल्या असं होत नाही हो.

मला विचाराल तर त्या बँकेत सगळ्यात मोठी माणूस सिल्व्हिया, हेड कॅशियर. दारापर्यंत आलेली असते, पोलीस बाहेर घ्यायला उभे, आणि ही ‘माझ्या मुली’, म्हणजे हाताखालच्या कॅशियर पोरी, आत आहेत म्हणून परत आत जाते! काउंटरवर बसलेल्या माणसाला तो सीन कुठे लागतो ते तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही तर त्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही. आणि शेवटी विमानतळावर सालला गोळी घालतात, सनीसमोरून त्याचं प्रेत नेतात, कौतुक करणारा सिनेमा असा संपतो का?

वयाचं मान्य. २२ ऑगस्ट १९७२ ला ब्रुकलिनमध्ये हे घडलं तेव्हा खरा साल १८ वर्षांचा पोरगा होता आणि सिनेमात साल झालेला जॉन कझाल चाळिशीला टेकलेला, त्यानं त्या मरणाचं वजन बदलतं, हे तुम्ही बरोबर पकडलंत. बाकी घटना कुठे वेगळी होती ते तुम्ही सांगितलेलंच नाही, मग मी उत्तर कशाला देऊ?

रेंगाळतो म्हणाल तर ओलीस प्रकरणात माणसं तासन्‌तास वाटच बघत असतात. आणि सुरुवातीच्या गाण्यानंतर पार्श्वसंगीत मुद्दाम ठेवलेलं नाही, लेखात होतं ते, वाचायचे कष्ट घ्यायचे होते.

परत लिहाल तर सिनेमावर लिहा, मी उत्तर देईन. माझ्या बाईपणावर घसरलात तर कमेंट डिलीट होईल, आत्ताच सांगून ठेवते.